पितळी देव खरंच जुना आहे का? आधी झीज बघा, रंग नंतर

देवघरातल्या पितळी मूर्ती, चांदीचे टाक, समया या वस्तू पिढ्यानपिढ्या घडत आल्या आणि आजही त्याच वळणाच्या घडतात. त्यामुळे नुसत्या घडणीवरून वय ठरत नाही. काळपट-हिरवा रंग तर सगळ्यांत कच्चा पुरावा, तो रसायन लावून एका रात्रीत आणता येतो. खोटी पाडायला सर्वांत अवघड असते ती झीज, कारण वस्तू कशी धरली, कुठे टेकली, कुठे बोट लागलं याच्याशी ती जुळावी लागते. म्हणून क्रम असा ठेवा: झीज, हत्यारांच्या खुणा, फटींतला मळ आणि रंग, शेवटी धातू.

हाताशी दहापट भिंग, साधी टॉर्च, ३६५ नॅनोमीटरची यूव्ही टॉर्च, लोहचुंबक, कापसाच्या काड्या, थोडं ॲसिटोन, एकेका ग्रॅमचा फरक दाखवणारा किचन काटा आणि दोरा एवढं असू द्या. तपासणी संपेपर्यंत चिंच, लिंबू, पितांबरी काहीही लावायचं नाही. घासून लख्ख केलेल्या मूर्तीचा अर्धा पुरावा मोरीत गेलेला असतो.

झीज कशी वाचायची

रांगता बाळकृष्ण घ्या. त्याला बहुधा बैठक नसते. तो गुडघे, एक तळहात आणि पायाची बोटं यांवर टेकतो. रोज ताम्हनात काढला, पाणी घातलं, पुसला, पुन्हा जागेवर ठेवला, असं वर्षानुवर्षं झालं की या टेकणाऱ्या जागा चपट्या होतात. भिंगाखाली तिथे सगळ्या दिशांना गेलेले बारीक ओरखडे एकावर एक दिसतात, काही काळवंडलेले, काही ताजे. गंधाचं बोट फिरून कपाळ आणि नाक गुळगुळीत होतं. पण काखेत, मांडीच्या घडीत, लोण्याचा गोळा धरलेल्या बोटांच्या मध्ये छिन्नीची रेघ कडकच राहते, कारण बोट तिथवर पोचत नाही.

बफच्या (झळाळी आणणाऱ्या) चाकावर मुद्दाम झिजवलेली मूर्ती इथेच सापडते. चाकाला पूजा कळत नाही. ते वर आलेला प्रत्येक भाग सारखाच खातं, प्रभावळीची मागची बाजूसुद्धा, जिथे कुणी गंध लावत नाही. चेहरा पार पुसट आणि बैठकीच्या कडा मात्र बोटाला टोचताहेत, असं असेल तर वस्तू बाजूला ठेवा. उलट प्रकार, म्हणजे तळ झिजलेला पण डोळे स्पष्ट, हा लगेच बाद करू नका. झिजलेले डोळे पुन्हा कोरून घेतले जात. नव्या रेघेच्या शेजारी जुन्या रेघेचा अवशेष दिसतो का ते बघा.

फसवणुकीचा आणखी चतुर प्रकार म्हणजे खऱ्या जुन्या मूर्तीवरून साचा घेऊन केलेली नक्कल. यात झीजही ओतूनच येते. ओळखायच्या खुणा तीन. पितळ थंड होताना दीड ते दोन टक्के आकसतं, त्यामुळे १५ सेंटिमीटरच्या मूळ मूर्तीची नक्कल दोन-तीन मिलिमीटरने बुटकी भरते. पुसट झालेल्या नाकावर झळाळी नसते, भिंगाखाली ओतकामाचा रवाळपणा दिसतो. आणि पोचे-ओरखड्यांच्या कडा, कोरलेल्या रेघांचे तळ, सगळं गोलसर, विरघळल्यासारखं असतं. हाताने केलेल्या मेणाच्या प्रत्येक नमुन्यावरून एकच मूर्ती निघते आणि साचा फोडावा लागतो. दोन मूर्तींवर एकाच जागी एकच पोचा असेल, तर निदान एक तरी नक्कल आहे.

हत्यारांच्या खुणा

हाताने छिन्नी मारून काढलेली रेघ लहान लहान टप्प्यांची असते, खोली कमी-जास्त होते, वळणावर टप्पे दाट होतात. फिरत्या यंत्राच्या टोकाने काढलेली रेघ एकसारखी, आत समांतर बारीक चऱ्यांची. तळ उलटा करून बघा, नव्या मूर्तीवर अँगल ग्राइंडरची अर्धगोल वलयं तिथे बहुधा राहून गेलेली असतात. डाक देऊन जोडलेला हात किंवा बैठक हा दोष नव्हे. जुन्या वस्तू दुरुस्त होतच आल्या आहेत.

टाकांबाबत थोडं वेगळं. समोर उठाव काढलेला चांदीचा पातळ पत्रा आणि मागे बहुधा तांब्याचा, अशी घडण असते. सोनारांकडे पूर्वीही ठसे असत, त्यामुळे दोन टाक सारखे दिसले म्हणून ते नवे ठरत नाहीत. उठावाच्या टोकांवर पत्रा किती पातळ झालाय ते पाहा. झिजलेले टाक बदलून नवे करण्याची रीत असल्याने खूप जुने टाक विकणारे सांगतात तेवढे मुबलक नाहीत.

मळ आणि रंग

आधी एक साधा प्रश्न: ही वस्तू पूजेत होती की मातीत? नेमाने घासली जाणारी मूर्ती वरच्या भागावर पिवळी आणि खाचांत तपकिरी असते. घराण्यातला देव म्हणून सांगितलेली मूर्ती हिरवीगार असेल, तर वस्तू आणि हकीकत यांतलं एक खोटं आहे.

मातीतून आलेल्या तांब्या-पितळेवर धातूला लागून लालसर तपकिरी थर आणि त्यावर हिरवा असतो. आम्ल-मिठाने आणलेला हिरवा थर बहुतेकदा थेट पिवळ्या धातूवर बसलेला असतो. आधीच टवका उडालेली जागा शोधून तिथे भिंग लावा, नवा टवका काढू नका. दमट हवेत पुन्हा पुन्हा उगवणारी फिकट हिरवी भुकटी म्हणजे क्लोराइडची कीड. ती जुन्या वस्तूला लागते, तशी आम्लात बुडवलेल्या नव्या वस्तूलाही. ती पुरावा नाही, पण वस्तू कोरडी ठेवायलाच हवी.

फटींतलं जुनं कुंकू, तेल आणि काजळी एकजीव, कडक झालेली असते. कोरड्या ब्रशने लाल भुकटी सहज सुटली तर थर ताजा. मळावर कोमट पाण्याचा थेंब ठेवा. पांढरट होऊन फुगला तर त्यात गोंद आहे. तळाला ॲसिटोनची काडी फिरवा, रंग किंवा लाख असेल तर काडीवर उतरते. अंधारात यूव्ही टाकली की लाख नारिंगी चमकते, आजकालचे बरेच गोंद निळसर-पांढरे. पूजेतल्या देवावर हे प्रयोग घरच्यांना विचारूनच करा.

धातू

लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. मग घनता काढा: वजन करा, काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, मूर्ती दोऱ्याने तळाला-कडेला न टेकवता पूर्ण बुडवून धरा. जो आकडा येईल तेवढं घन सेंटिमीटरमध्ये घनफळ, वजनाला त्याने भागा. ८५० ग्रॅमची मूर्ती १०० दाखवत असेल तर घनता ८.५, म्हणजे पितळ. सात-साडेसहाच्या आसपास आली तर जस्ताचा मिश्रधातू असण्याची शक्यता. मूर्ती पोकळ असेल किंवा आत माती राहिली असेल तर हिशेब चुकतो. मळाची तपासणी आधी उरकल्याशिवाय पाण्यात बुडवू नका.

एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी तपासणारं) धातूचं मिश्रण सांगतं, वय नाही. जस्त तीस टक्क्यांच्या वर म्हणजे नवं, हा परदेशी ठोकताळा आपल्याकडे आंधळेपणाने लावू नये, राजस्थानात जावरला युरोपच्या कितीतरी आधी जस्त गाळलं जात होतं. ॲल्युमिनियम मात्र बोलका आहे. तो स्वस्तात मिळू लागला १८८६ नंतरच्या विद्युत पद्धतीने. स्वच्छ धातूवर तो ठळक प्रमाणात आढळला तर शिवकालीन वगैरे दावे तिथेच संपतात. कार्बन पद्धतीने धातूचं वय निघत नाही. पोकळ मूर्तीत भाजलेली माती उरली असेल तर ती थर्मोल्युमिनेसन्सने (माती शेवटची कधी भाजली गेली ते सांगणाऱ्या चाचणीने) तपासता येते, भरीव मूर्तीला तोही मार्ग नाही.

कोरलेला शक असेल तर हिशेब जुळवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन. शकात १२ मिळवून ६० ने भागा, बाकी उरेल तो साठ संवत्सरांच्या यादीतला, प्रभवपासून मोजलेला क्रमांक. शके १५९६ चे होतात १६०८, बाकी ४८, म्हणजे आनंद संवत्सर, शिवराज्याभिषेकाचं. विक्रम संवताला हा हिशेब लावू नका. अक्षरांच्या खाचेत धातू चकचकीत आणि भोवती काळा थर तुटलेला दिसला, तर लेख नंतर घातलाय.

वस्तू शंभर वर्षांहून जुनी ठरली की १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो. धातूच्या मूर्तींची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद लागते, धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ‘शेतात नांगरताना सापडली’ असं विकणारा सांगत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. हकीकत खरी असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे तिची खबर जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवी होती.