न दिसणाऱ्या देवाच्या भरवशावर रोजचं कसं जगावं

सर्वांना सलाम. जालन्याकडच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत दृढीकरणाच्या वर्गाला मी शिकवते, म्हणजे बाप्तिस्मा झालेली पोरं मोठी झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करतात, त्याआधीचा वर्ग. पोरंपोरी तिथं विचारतातच, "बाई, जो दिसत नाही त्याच्यावर विश्वास ठेवायचा तरी कसा?" आजारी लेकराला घेऊन आलेला एक बाप येशूला म्हणाला होता, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक (बायबल, मार्क ९:२४). दोन्ही एकाच दमात! येशूनं त्याला परत लावलं नाही, लेकराला बरं केलं. म्हणून शंका फिटल्यावर बघू, असं म्हणत थांबू नका. आहे तेवढ्या विश्वासावर सुरू करा.

सुरू काय करायचं? देवाशिवाय कुणी बघणार नाही असं काहीतरी, त्याच्या वचनाप्रमाणे. मला तरी दुसरा रस्ता माहीत नाही.

त्यासाठी आधी वचन वाचायला हवं. मार्कचं शुभवर्तमान घ्या, येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं एक. १६ अध्याय, चौघांत सगळ्यात लहान. ते झालं की मत्तय ५ ते ७, डोंगरावरचं प्रवचन, सावकाश वाचा आणि "करा" किंवा "करू नका" असं जिथं येईल तिथं पेन्सिलीनं खूण करा. आठवडाभर एकच खूण धरून चाला. दहा अध्याय वाचून काहीच न करण्यापेक्षा हे बरं.

प्रार्थनेला खोलीत जा, दार लाव, असं प्रभू सांगतो (मत्तय ६:६). दोन खोल्यांत सात माणसं असली तर खोली आणायची कुठून? रात्रीच्या लायटीला पिकाला पाणी द्यायला जाता ना, तीच तुमची खोली. बायबलातला याकोब उघड्या रानात उशाला दगड घेऊन निजला होता. जागा झाल्यावर म्हणाला, परमेश्वर इथं आहे आणि मला ते ठाऊक नव्हतं. त्या जागेला त्यानं बेथेल, म्हणजे देवाचं घर, म्हटलं. एकोणिसाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मप्रसारक नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ ख्रिस्ती लोकांसाठी गाव वसवलं, त्यालाही हेच नाव दिलं.

आता देण्याघेण्याचं. सुगीच्या सणाला आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ज्वारी, भोपळे, कोंबड्या येतात, लिलाव होतो, नावं पुकारतात. आनंदाचा दिवस असतो तो. पण त्याखेरीज एक दान असं ठेवा की ज्याला तुमचं नाव कधी लागणार नाही. ओळखीच्या एखाद्या विधवेची किराण्याची उधारी फेडा आणि कुणी फेडली ते सांगू नका, असं दुकानदाराला बजावा. कापूस विकायला काढाल तेव्हा वजन वाढावं म्हणून त्यावर पाणी मारू नका. व्यापाऱ्याला कळेल, न कळेल. खोट्या तराजूचा परमेश्वराला वीट आहे (नीतिसूत्रे ११:१). पदरचे चार पैसे सोडताना जो बघतोय असं मनात धराल, तोच तुमचा न दिसणारा देव.

सगळ्यात अवघड बांधाचं प्रकरण. आपल्याकडं सख्खे भाऊ बांधावरून वर्षानुवर्षं बोलत नाहीत आणि रविवारी एकाच देवळात बसतात. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी समेट कर, असं मत्तय ५:२३-२४ सांगतं. नीट वाचा, मन त्याचं दुखावलंय आणि जायचं आपण आहे. चूक कुणाची, हे तिथं विचारलेलंच नाही.

म्हणून पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे देवळातल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी जा. एकटे जा, त्याचा अपराध असला तरी पहिल्यांदा दोघांतच बोला, असं मत्तय १८:१५ म्हणतं. शेतात नको, तिथं बांध डोळ्यांपुढं असतो. सांजच्याला घरी जा. वहिनीनं चहा ठेवला तर घ्या. "दादा, आपलं बोलणं बंद आहे हे मला सोसत नाही," एवढं म्हणा. किती फूट सरकलं, कुणी नांगरलं, हे त्या दिवशी काढूच नका. जमिनीचा वाद असेल तर सरकारी मोजणीचा अर्ज दोघांनी मिळून करावा, पण तो नंतर. त्यानं ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन जा, मग मंडळीला सांगा. पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, पहिल्याच दिवशी मध्ये घालू नये असं माझं ठाम मत आहे. पाळक दिसले की भावाला पंचायत भरल्यासारखं वाटतं. आणि सगळं करूनही त्यानं दार लावलं, तर रोम १२:१८ वाचा. आपल्याकडून होईल तितकं करायचं आहे. त्याच्या वाट्याचं आपल्याकडं मागितलेलं नाही.

हे सगळं पाळलं म्हणून पाऊस वेळेवर येईल, असं मात्र कुणाला सांगू नका. २०१२-१३ ला आमच्या भागातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. प्रार्थना करणाऱ्यांच्याही विहिरी आटल्या. हबक्कूक संदेष्टा म्हणतो, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन (३:१७-१८). पीक येईल म्हणून नव्हे, पीक नसताना.

अशा वेळी उसनं हसू आणून "प्रभूची स्तुती" म्हणायची गरज नाही. स्तोत्र १३ काढा. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत "कोठवर?" चारदा येतं, पुढच्या दोनांत मागणं आहे, शेवटच्या दोनांत भरवसा. पहिली चार स्वतः वाचा, रडू आलं तर रडा. शेवटची दोन तोंडातून निघत नसली तर कॉटेज प्रार्थनेत, म्हणजे कुणाच्या घरी जमून करतो त्या प्रार्थनेत, शेजारी बसलेल्या बहिणीला म्हणा, "एवढी तू माझ्यासाठी वाच."