ऑइल सील बदलण्याआधी ब्रीदर बघा
उसाच्या हंगामात खानापूर-निपाणीकडे जुन्या ट्रकच्या गिअरबॉक्सखाली तेल दिसलं की लगेच ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवती तेल अडवणारं रबरी कडं, बदलायची घाई होते. थांबा. चाकाला दगड लावा आणि गिअरबॉक्सच्या माथ्यावरचा छोटासा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर जायची वाट, आधी बघा. फडातल्या चिखलाने तो बुजला, की चढावर तापलेली आतली हवा अडकते आणि दाबाने तेल सीलमधून बाहेर येतं. मग नवं सीलही गळणारच! ब्रीदर डिझेलात धुवा, हवा मारा. तरीही गळती असेल तर गिअरबॉक्स पुसून पावडर भुरभुरवा, गाडी थोडी फिरवा. ओल उमटेल तिथे दुखणं. तेल सपाट जागी, गाडी गार असताना, लेव्हल प्लगच्या (तेलाची पातळी बघायच्या बुचाच्या) भोकाच्या काठापर्यंतच भरा. जास्त भरलं तरी गळतं.