कुंपणाला ड्युरांटाऐवजी करवंद

सोसायटीच्या कुंपणाला ड्युरांटा हे शोभेचं झुडूप लावण्याआधी करवंदाचा विचार जरूर करा. पुण्याच्या टेकड्यांवरच्या मुरमाड जमिनीतही ते तग धरतं, आणि दुहेरी काट्यांमुळे गुरं त्याच्या वाटेला जात नाहीत. मे महिन्यात पिकलेली काळी करवंदं आणा, गर खाऊन बिया धुवा आणि लगेच पिशव्यांत पेरा. वाळवून ठेवल्या तर उगवण फार घटते. रोपं पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला, दोन-दोन फुटांवर लावा. सुरुवातीला वाढ संथच असते, पहिला उन्हाळा पाणी घालावंच लागतं. करवंदांच्या मधेमधे धायटीची झुडपंही हवीच! उन्हाळ्याच्या तोंडावर तिच्या लाल फुलांवर शिंजीर हे छोटे पक्षी येतात. टेकडीवरची रोपं मात्र कृपया उपटू नका, रोपवाटिकेतून आणा.