कम्युनिटी कॉलेजातून सीएस करताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियात पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात ट्रान्स्फर घेणारी आपली बरीच मुलं आहेत. राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत आणि रहिवाशांना फी युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं क्रेडिट) फक्त ४६ डॉलर. (एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना हा दर नाही, त्यांची फी कितीतरी पट.) पण कम्प्युटर सायन्सवाल्यांचं (सीएस) घोडं पेंड खातं ते फीपाशी नाही, कोर्स निवडताना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आपल्याच कॉलेजचा अभ्यासक्रम समोर ठेवून विषय घेणं. माझ्या भाचीने दोन सत्रं जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली, दोन्ही वेळा ‘ए’ मिळवला. मग एका रात्री जेवणं झाल्यावर आम्ही ‘असिस्ट’ ही सरकारी साइट उघडली. वर्ष, कॉलेज, विद्यापीठ, मेजर (मुख्य विषय) निवडलं की डावीकडे विद्यापीठाला हवा असलेला विषय दिसतो आणि उजवीकडे आपल्या कॉलेजातला त्याच्या बदल्यात चालणारा. तिला हव्या त्या विद्यापीठापुढे उजवीकडे जावा कुठेच नव्हती, सी प्लस प्लस होती. गेली ती दोन सत्रं. हे पान पहिल्या सत्राआधी उघडा, आणि एका नाही, तीन-चार विद्यापीठांसाठी. दोन कोर्सच्या मध्ये बारीक अक्षरात ‘अँड’ लिहिलेलं असतं, तेही नीट बघा. तिथे दोन्ही कोर्स लागतात. एकच केला तर तो विषय झाला असं धरत नाहीत.

कोर्सच्या नावावर जाऊ नका. डी आन्झा कॉलेजात डेटा स्ट्रक्चर्सचा कोर्स ‘सीआयएस २२सी’ (सीआयएस म्हणजे कम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स) या नावाने आहे, तरी तो अस्सल सीएसचाच. उलट काही ठिकाणी सीआयएसची पदवी बिझनेसकडे झुकलेली असते आणि तिच्यात कॅल्क्युलसची पूर्ण मालिका नसते. सीएसला कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्रा, डिस्क्रीट मॅथ हे सगळं लागतं आणि बरंचसं एकापाठोपाठ एकच घेता येतं. म्हणून गणित पहिल्याच सत्रात सुरू करा. डी आन्झा आणि फूटहिल क्वार्टरवर (वर्षाची तीन छोटी सत्रं) चालतात, बाकीची बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर (दोन मोठी सत्रं). अर्धं कॅल्क्युलस इथे, अर्धं तिथे केलं की मधला भाग राहून जातो.

‘टॅग’, म्हणजे हमीचा प्रवेश, यूसीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) सहाच कॅम्पसना आहे. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो त्यात नाहीत. सांता बार्बरा आहे, पण तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज नाही, आणि सीएस नेमकं त्याच कॉलेजात येतं! टॅगचा अर्ज १ ते ३० सप्टेंबर.

एफ-१ वाल्यांनी सत्राला किमान १२ युनिट्सचे कोर्स घ्यावेत. त्यात ऑनलाइनची तीनच धरली जातात.

नोंदणी करताना ‘प्रीरेक्विझिट नॉट मेट’ (आधी लागणारा कोर्स झालेला नाही) असं आलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा एपीचे (शाळेत दिलेल्या कॉलेज पातळीच्या परीक्षेचे) गुण किंवा दुसऱ्या कॉलेजची गुणपत्रिका त्यांच्याकडे पोचलेली नसते. ती आधीच देऊन प्रीरेक्विझिट क्लिअरन्सचा अर्ज करा. नोंदणीच्या दिवशी धावपळ करून तो मंजूर होत नाही. वर्ग भरला असेल तर वेटलिस्टवर नाव घाला आणि पहिल्या तासाला हजर राहा. नोंदणी केलेलं कोणी आलं नाही की प्राध्यापक तिथेच नोंदणीसाठीचा अ‍ॅड कोड देतात.