‘जास्त दुखतंय’ म्हटलं की मी व्यायाम बदलायचे

फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपला लागलेल्या दोघींनी परवा विचारलं, मॅम कंबरदुखीचा पेशंट नक्की कुठल्या ग्रुपमध्ये टाकायचा हे कळतं कसं? मी मोठ्या तोऱ्यात सांगायला सुरुवात केली आणि मधेच थांबले, कारण मला ते कळायला दीड वर्ष लागलं आणि त्यात एका रिक्षावाल्या काकांचे तीन आठवडे वाया गेले.

टीबीसी (ट्रीटमेंट-बेस्ड क्लासिफिकेशन, म्हणजे कंबरदुखीच्या पेशंटचे उपचारानुसार गट) तुम्हाला माहितीये असं धरते. डेलिटो आणि मंडळींनी १९९५ मध्ये मांडलेलं, मॅनिप्युलेशन (हाताने झटका देऊन सांधा मोकळा करणं), स्टॅबिलायझेशन (कंबर स्थिर ठेवणारे व्यायाम), स्पेसिफिक एक्सरसाइज (एका ठराविक दिशेचे व्यायाम) आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देणं), हे व्हायवाला (तोंडी परीक्षेला) सगळ्यांचं पाठ असतं. फ्लिनचा २००२ चा रूलसुद्धा: दुखणं १६ दिवसांपेक्षा कमी, गुडघ्याच्या खाली काही नाही, एफएबीक्यूचा (दुखण्याच्या भीतीबद्दलची प्रश्नावली) कामाचा स्कोअर १९ च्या आत, लंबरचा (कंबरेच्या मणक्याचा) एखादा सेगमेंट कडक, एका तरी हिपचं इंटरनल रोटेशन (मांडी आत वळणं) ३५ डिग्रीपेक्षा जास्त, पाचपैकी चार जुळले की मॅनिप्युलेशन. मलाही हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. प्रॉब्लेम पाठांतराचा नव्हताच.

काका स्वारगेटच्या स्टँडवरचे, पन्नाशीतले. डाव्या कुल्ल्यातून पोटरीपर्यंत कळ, वाकलं आणि रिक्षात बसलं की वाढायची, उभं राहून चाललं की बरं. पॉवर ठीक, रिफ्लेक्स ठीक. पुस्तकातली केस. मी एक्स्टेन्शन (कंबर मागे वाकवायच्या व्यायामांचा) ग्रुप लिहिला, पालथं झोपायला लावलं, मग कोपरांवर, मग प्रेस-अप (पालथं झोपून हातांवर छाती उचलणं), दहा-दहाचे सेट, घरी दर दोन तासांनी. तिसऱ्या दिवशी काका आले ते कंबरेवर हात ठेवूनच, "मॅडम, कंबर जास्तच धरली ओ."

झालं. माझी टरकली. मी एक्स्टेन्शन बंद केलं, गुडघे छातीशी घ्यायचे व्यायाम दिले, वर आयएफटी (दुखणं कमी करायचं करंटचं मशीन) लावलं. कंबर मोकळी झाली, काका खूश, मी खूश. दहा दिवसांनी कळ घोट्यापर्यंत उतरली.

तेव्हाच्या सीनियरनी (चिडके होते, पण शिकवायचे) एकच प्रश्न विचारला, "कंबर धरली तेव्हा पाय कसा होता?" माझ्या नोट्समध्ये व्हीएएस (दुखण्याचा दहापैकी आकडा) ६, मग ७, मग ४ एवढंच. बॉडी चार्ट (कुठे दुखतंय ते खुणावलेलं शरीराचं चित्र) पहिल्या दिवसाचा सोडून एकही नाही. काकांना फोन लावून विचारलं तर म्हणाले, "पाय? पाय तर त्या दोन दिवसांत एकदम मोकळा होता की, तुम्हीच तर व्यायाम बदलला."

हेच ते. दुखणं पायातून वर कंबरेकडे सरकत होतं, म्हणजे सेंट्रलायझेशन चालू होतं, आणि त्यात कंबर काही काळ जास्त दुखू शकते. आपण ते वाचलेलं असतं, पण पेशंट "सेंट्रलाइज होतंय" म्हणत नाही, तो "वाढलं" म्हणतो. आणि आपण विचारतो "किती दुखतंय", आकडा लिहून घेतो, विषय संपला. आकड्याला जागा नसते. विचारायचं "कुठपर्यंत दुखतंय, बोटाने दाखवा", व्यायामाच्या आधी, दहा रिपिटिशन चालू असताना, उभं राहिल्यावर, आणि पुढच्या वेळी आल्या आल्या परत. सर्वात खालची जागा वर सरकली आणि वरच राहिली, तर कंबरेने कितीही कटकट केली तरी दिशा बरोबर आहे. कंबरेचं कमी होऊन पोटरीचं वाढलं, तर पेशंट हसत असला तरी थांबा. शिवाय चमक, कळ, मुंग्या, बधिरपणा हे चार वेगळे शब्द आहेत, सगळ्यांपुढे ‘पेन’ लिहू नका. पायाची कळ गेली पण पायाचा अंगठा वर उचलायची ताकद कमी झाली, तर ते सेंट्रलायझेशन नाही, नस बिघडतेय, त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवा. प्रत्येक सेशनला अंगठ्याची पॉवर बघायला अर्धा मिनिट लागतो, उगाच टाळू नका.

रेड फ्लॅग्जचं (धोक्याच्या खुणांचं) थोडक्यात, कारण ते तुम्हाला येतं. फक्त लाजू नका. लघवी अडकते का, बसायची जागा बधिर वाटते का, हे काकूंना विचारताना माझी जीभ अडखळायची, आता नाही. आणि आपल्याकडे संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री झोपू न देणारी कंबर ऐकली की मणक्याचा टीबी डोक्यात आलाच पाहिजे.

एमआरआयवरून ग्रुप ठरवू नका. हिंजवडीचा पोरगा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर आधी पाठवतो, ‘डिस्क बल्ज’ला लाल गोल करून, तपासायच्या आधीच घाबरलेला. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांतसुद्धा ३० टक्क्यांच्या आसपास बल्ज दिसतो. त्याच्यासाठी स्टार्ट बॅकचे (कंबरदुखी लांबायचा धोका किती ते बघणाऱ्या फॉर्मचे) नऊ प्रश्न जास्त कामाचे, फॉर्म हातात न देता शेजारी बसून वाचून घ्या. तसंच, क्लिनिकमध्ये ट्रॅक्शनचं मशीन रिकामं आहे म्हणून पेशंट ट्रॅक्शनच्या ग्रुपमध्ये जात नाही. हे लिहायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं, पण मी पाहिलंय.

एक पेशंट दोन ग्रुपमध्ये बसला किंवा एकातही बसला नाही तर रडू नका. २०११ च्या एका अभ्यासात साधारण पाव पेशंट कशातच बसले नाहीत आणि जवळपास तेवढेच एकापेक्षा जास्त ग्रुपमध्ये बसले. तुम्ही मूर्ख नाही, खोकीच तशी आहेत. म्हणूनच २०१६ मध्ये छापून आलेली टीबीसीची सुधारित मांडणी मला जास्त पटते: आत्ता दुखणं शांत करायचंय, का हालचालीवर ताबा आणायचाय, का माणूस परत रिक्षा चालवण्याइतका तयार करायचाय. त्यात पेशंट एका गटातून दुसऱ्यात जाणं धरलेलंच आहे.

वीकेंड कोर्सबद्दल विचाराल तर करा, पैसे असतील तर. पण सर्टिफिकेट भिंतीवर लावून सगळ्यांना तेच तीन व्यायाम देणारे मी बघितलेत. मेंटॉर निवडताना एकच बघा, ते दुसऱ्या सेशनला पेशंट परत तपासतात का, का लांबूनच "चालू ठेवा" म्हणतात.

काकांना परत प्रेस-अपवर आणलं, या वेळी आधीच सांगून, "कंबर दुखेल, पाय मोकळा होतो का तेवढं बघा." तरी आठवडाभर त्यांचा विश्वास बसत नव्हता, आणि बरोबरच होतं त्यांचं. घोट्यावरून पोटरी, मग मांडी, मग फक्त कंबर, असं यायला महिना लागला. त्या महिन्याचे बॉडी चार्ट अजून आहेत माझ्याकडे, सोमवारी ओपीडीत याल तेव्हा दाखवते.