पुणे विद्यापीठात शिकायला येताय? मग ही दोन वर्षं अशी वापरा

लातूरहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघालं की पहाटे पाच-साडेपाचला हडपसर येतं आणि तिथनं विद्यापीठाच्या मेन गेटपर्यंत पोचेस्तोवर माणूस निम्मा दमलेला असतो. मी असाच आलो होतो एमए हिस्टरीला, एक बॅग, एक चादर आणि कागदपत्रांची फाईल घेऊन. आता दरवर्षी जून-जुलै आला की गावाकडच्या पोरापोरींचे फोन येतात, दादा ॲडमिशन झालं, पुढं काय करू? प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहूनच जातं म्हणून एकदाचं सगळं लिहून काढतोय.

आधी मुद्द्याचं सांगतो. पहिलं अख्खं सेमिस्टर मी रूम, लेक्चर, मेस, अभ्यासिका एवढंच फिरत होतो आणि मला वाटायचं हेच पुण्यात शिकणं. लेक्चरं दिवसाला तीन-चार तास असतात हो, बाकीचा दिवस मोकळाच असतो, आणि या शहरात त्या मोकळ्या वेळात शिकायला इतकं काही पडलेलंय, तेही बऱ्याचदा फुकट, पण कोणी तुम्हाला हाक मारून आत घेणार नाही. आपण आत जायचं आणि विचारायचं. मला हे कळायला सहा महिने लागले, तुमचे जाऊ नयेत एवढ्यासाठीच ही सगळी खटपट.

पण आधी कागद, कारण कागद अडकले की बाकी कशात मन लागत नाही. टीसी, मायग्रेशन, डोमिसाईल, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, लागत असेल तर नॉन क्रिमीलेअर आणि तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, हे सगळं ओरिजिनल गावाकडनंच घेऊन निघा, एका दाखल्यासाठी परत जायचं म्हणजे दोन रात्रींचा प्रवास आणि हजार-दीड हजाराला फोडणी. स्कॉलरशिपचा फॉर्म राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचा असतो, आणि तिथं माझं जे झालं ते तुमचं होऊ देऊ नका. मी पुण्यात आल्यावर नवीन खातं काढलं, आधारची झेरॉक्स दिली, वाटलं झालं लिंक. पण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे यायला आधार सीडिंग होणं वेगळं. सरकारी पैसे जातात ते शेवटी ज्या बँकेत सीडिंग झालंय तिथं, आणि माझं सीडिंग होतं गावातल्या जुन्या खात्यावर, जे वापर नसल्यानं बंद पडलेलं. आठ महिने पैसे लटकले, बाबांनी सोयाबीनचे पैसे आले तसे पाठवले. आधारच्या वेबसाईटवर लॉगिन करून बँक सीडिंग स्टेटस बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, फॉर्म भरायच्या आधी करा. हॉस्टेल मिळालं नाही तरी बाहेर राहणाऱ्यांसाठी योजना आहेत, अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार आहे, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, प्रत्येकाच्या अटी वेगळ्या असतात, त्या त्या योजनेच्या पोर्टलवर नीट वाचा. आणि फॉर्म भरला म्हणजे संपलं असं नाही, तो कॉलेजच्या लॉगिनवरून पुढं सरकावा लागतो, तेव्हा डिपार्टमेंटच्या ऑफिसात जाऊन फॉरवर्ड झाला का विचारत राहा, चांगल्या शब्दात, पण विचारत राहा.

राहायचं म्हटलं तर हॉस्टेलच्या जागा कमी आणि अर्ज जास्त. नाव लागेपर्यंत बरेच जण मित्राच्या रूमवर पॅरासाईट म्हणून राहतात, थोडे दिवस ठीक आहे पण वर्षभर तसं राहू नका, ना झोप नीट होते ना अभ्यास, आणि ज्याची रूम आहे त्यालाही त्रास. बाहेर बघायचं तर गोखलेनगर, पांडवनगर, खडकी, औंध, सांगवी या भागात कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत एकेका कॉटचं भाडं देऊन, मिळतं. पेठांमध्ये पोरं जास्त असतात पण रोज विद्यापीठात यायचं असेल तर तिथनं जाण्यायेण्यात वेळ जातो. रूम बघायला संध्याकाळी जा, सगळे घरी असतात तेव्हा, म्हणजे एका बाथरूमला किती माणसं आहेत ते कळतं. पाणी किती वाजता येतं, डिपॉझिट परत कधी मिळणार, मधेच सोडली तर किती कापणार हे कागदावर लिहून घ्या आणि राहायला आल्या दिवशीच रूमचा व्हिडिओ काढून ठेवा. मेसचं पण तसंच, पहिला महिना पूर्ण पैसे भरू नका, आधी चार दिवस कुपनावर जेवून बघा आणि खाडे धरतात का ते विचारा, कारण गावी गेलात की आठ-आठ दिवसांचे पैसे उगाच जातात.

आता कॅम्पस. ४११ एकर आहे, चालून पाय दुखतात, जुनी सायकल मिळाली तर घ्याच. विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, त्यांच्याच नावाची जयकर लायब्ररी. ती मेन बिल्डिंग दिसते ना दगडी, ती मुंबई प्रांताच्या गव्हर्नरचा पावसाळ्यात राहायचा बंगला होता. पहिल्या आठवड्यात एक दिवस काढा आणि नुसतं फिरा, आपल्या डिपार्टमेंटचं सोडून बाकी सगळं बघा.

जयकरमध्ये बरीच पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन रीडिंग हॉलला बसतात आणि संध्याकाळी उठून जातात. बसा, शांत जागा आहे, पण लायब्ररीचा खरा फायदा कपाटांत आणि लॉगिनमध्ये आहे. काऊंटरला जाऊन सांगा की मला घरनं जर्नल्स वाचायला लॉगिन पाहिजे. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजना सुरू झालीय, त्यात ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नल्स सरकारी विद्यापीठांना मिळतात, बाहेर यातल्या एकेका लेखाला दोन-तीन हजार रुपये मागतात. असं असून पोरं झेरॉक्सच्या दुकानातल्या नोट्सवर एमए काढतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे बाकीची डिपार्टमेंटं. क्रेडिट सिस्टीममध्ये दुसऱ्या विषयाचे काही क्रेडिट घेता येतात, कोणते चालतात ते आपल्या कोऑर्डिनेटरना आधीच विचारून घ्या. आणि क्रेडिट नाही मिळालं तरी जा. ललित कला केंद्रातल्या पोरांचे नाटकांचे प्रयोग होतात ते बघा. आयुकामध्ये, म्हणजे खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात जा, जयंत नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली संस्था आपल्याच कॅम्पसात आहे, चार्ल्स कोरियांनी बांधलेली इमारत, आत चौकात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइनस्टाइन यांचे पुतळे आहेत. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती सगळ्यांना खुली असते. मी हिस्टरीचा, मला काय कळणार म्हणून पहिल्या वर्षी गेलोच नाही, दुसऱ्या वर्षी गेलो तर एक पीएचडीची मुलगी शाळेच्या पोरांना मराठीतून कृष्णविवर समजावत होती, मी त्या पोरांच्या मागं अर्धा तास उभा राहून ऐकलं आणि सगळं समजलं.

आता मला सगळ्यात जास्त ज्यानं दिलं ते. सरांकडं जायला मला भीती वाटायची, म्हणजे काय बोलायचं हेच कळायचं नाही. एक दिवस असाच केबिनबाहेर घुटमळत होतो, सर म्हणाले आत या, काय पाहिजे. मी म्हटलं सर आमच्या घरी पणजोबांच्या पेटीत काही कागद आहेत, वाचता येत नाहीत. फोनमधला फोटो दाखवला. सरांनी तो मोठा करून बघितला आणि म्हणाले मोडी आहे, मराठीची जुनी लिपी, शिकून घ्या, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे तिथं वर्ग असतात. बास, एवढंच बोलणं. मंडळ १९१० साली वि. का. राजवाड्यांनी मेहेंदळ्यांबरोबर सुरू केलेलं, मी परीक्षेत त्याच्यावर टीप लिहिलेली होती, पण तिथं आपण चपला काढून आत जाऊन बसू शकतो हे डोक्यातच आलं नव्हतं.

मोडी शिकायला लागलो तर पहिलीच गोष्ट वेगळी. देवनागरीत आपण अक्षर काढतो आणि मग वर रेघ मारतो. मोडीत आधी पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं लटकवत जायची, हात न उचलता, एकातनं दुसरं. शब्द कुठं तुटतो ते कागद सांगत नाही, आपल्याला वाचता वाचता कळायला लागतं. पहिले पंधरा दिवस नुसत्या गाठी दिसायच्या. मग एका रविवारी रूमवर बसून त्याच फोटोत मला आमच्या गावाचं नाव वाचता आलं, आणि त्याच्या पुढं पणजोबांचं. मी लगेच बाबांना फोन लावला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा कागद होता तो.

पुढं २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जुनी दप्तरं मोडीतली असल्यानं जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणारे शोधत होते, आणि माणसं पुरत नव्हती. पुण्यातच पेशवे दफ्तर आहे, पेशव्यांच्या काळातल्या कागदांचा सरकारी संग्रह, कोटींच्या घरात कागद, बहुतेक मोडी. हे एक उदाहरण झालं, तुमचा विषय वेगळा असेल. फॉरेन लँग्वेज शिकायची असेल तर एफसी रोडला रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचेच जर्मन, फ्रेंच, जपानी, रशियनचे कोर्स आहेत, बाहेरच्या क्लासपेक्षा कितीतरी कमी फीमध्ये. संस्कृत, प्राकृतवाल्यांनी भांडारकर संस्थेत जा, महाभारताची चिकित्सक आवृत्ती तिथं १९१९ ते १९६६ एवढी वर्षं चाललेली. सरांकडं जाताना मात्र 'मार्गदर्शन करा' एवढंच म्हणत जाऊ नका, त्यांना पण कळत नाही काय सांगावं. हातात काहीतरी घेऊन जा, एक उतारा समजला नाही, एक कागद सापडला, एक शंका आली, मग बघा कसे बोलायला लागतात.

भाषेचं पण बोलतो. मी 'काय करायलास' म्हटलं की वर्गातले काही जण हसायचे, मग मी बोलायचंच कमी केलं. ते चुकलं. आपली भाषा तशीच बोला, हसणारे महिनाभरात थकतात. इंग्रजी वाचायला मात्र शिकाच, बोलायचं नंतर बघू, रोज एक पान डिक्शनरी घेऊन, कारण संदर्भाची निम्मी पुस्तकं इंग्रजीत आहेत. पेपर मराठीत लिहिता येतो का ते आपल्या डिपार्टमेंटला सुरुवातीलाच विचारा.

एमपीएससी करणारे खूप जण असतात, करा की, पण एमएच्या ॲडमिशनकडं नुसतं हॉस्टेल मिळायचं साधन म्हणून बघू नका. २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झालीय, वैकल्पिक विषयपण आहे, म्हणजे वर्गात बसून दहा-बारा पानं सलग लिहायची सवय जी एमएमध्ये लागते तीच तिथं कामाला येते.

पैशांची ओढाताण असेल तर कमवा आणि शिका योजनेत नाव द्या, रोज दोन-तीन तासांचं काम असतं, लायब्ररीत, ऑफिसात, बागेत, मेसचं बिल तरी सुटतं, आणि ऑफिसातल्या लोकांशी ओळख होते ती वेगळीच. मेट्रोचा विद्यार्थ्यांसाठी पास आहे, तिकिटात ३० टक्के सूट मिळते.

संध्याकाळचं सांगायचं तर उन्हाळ्यात गावी पळायची घाई करू नका. एप्रिल-मेमध्ये टिळक स्मारकला वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली, तिकीट वगैरे काही नाही, जाऊन बसायचं. लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काईव्हमध्ये जुने सिनेमे दाखवतात. डिसेंबरात सवाई असतं, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सव, भीमसेन जोशींनी १९५३ ला सुरू केलेलं, भारतीय बैठकीचं तिकीट खुर्चीपेक्षा बरंच स्वस्त असतं, पाय अवघडतात पण गाणं तेच ऐकू येतं. रागबिग काही कळत नसलं तरी जा, मला पण कळत नव्हतं.

आणि दिवाळीच्या आधीचे दिवस जड जातात हे आधीच माहीत असू द्या. रूममेट गावी गेलेला, मेस बंद, घरचा फोन ठेवला की घसा दाटतो. सगळ्यांना होतं हे. तेव्हा रूममध्ये पडून राहू नका, सकाळी उठून चतुःशृंगीवरनं किंवा वेताळ टेकडीवर चालत जा, दोघं-तिघं मिळून गेलात तर अजून बरं, आणि महिना झाला तरी झोप लागत नसेल, खावंसं वाटत नसेल तर विद्यापीठात समुपदेशक असतात त्यांच्याकडं जा, हेल्थ सेंटरला चौकशी केली तरी सांगतात. घरी सांगायला जड जात असेल तर निदान एका मित्राला सांगा.

शेवटच्या सेमिस्टरला गडबड होते म्हणून एवढं आधीच लिहून ठेवा: लायब्ररीचं नो ड्यूज, हॉस्टेलचं नो ड्यूज, मार्कशीटवरच्या नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, आणि पदवी प्रमाणपत्राचा फॉर्म वेळेत भरणं. स्पेलिंगची चूक विद्यापीठात असतानाच दुरुस्त करून घ्या, गावी गेल्यावर त्या एका अक्षरासाठी परत रात्रीची ट्रॅव्हल्स पकडावी लागते.