द्रव आणि घन एकत्र असलेल्या माध्यमात तरंगांचे सिम्युलेशन कसे करावे

वर पाण्याचा थर आणि खाली खडक अशा माध्यमातून तरंगाचा प्रवास संगणकावर मांडायचा असेल, तर दोन्ही भागांसाठी वेगळी समीकरणे लिहून ती सीमेवर जुळवत बसण्याची गरज बहुतेक वेळा पडत नाही. ज्याँ विर्यो यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कणांचा वेग आणि प्रतिबल (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत बल) या राशी एकमेकींपासून अर्ध्या चौकटीने सरकवलेल्या जाळीवर मोजल्या जातात, आणि त्याच जाळीवर द्रव म्हणजे केवळ कर्तन गुणांक (आकार तिरका करणाऱ्या बलाला होणाऱ्या विरोधाचे माप) शून्य असलेला पदार्थ ठरतो.

प्रथम प्रत्येक चौकटीला घनता आणि दोन वेग द्यावेत. पाण्यासाठी घनता १००० किलोग्रॅम प्रति घनमीटर, अनुतरंगाचा (कण प्रवासाच्याच दिशेने हलतात तो) वेग १५०० मीटर प्रति सेकंद आणि अवतरंगाचा (कण आडवे हलतात तो) वेग शून्य. खडकासाठी उदाहरणादाखल २२००, ३००० आणि १७०० हे आकडे घेऊ. पाण्यात कर्तन गुणांक अगदी लहान नव्हे, तर नेमका शून्यच ठेवावा, अन्यथा जाळीला पेलवणार नाही इतका मंद अवतरंग पाण्यात निर्माण होतो आणि सीमेलगत खोटा गोंधळ साचतो.

जाळीची चौकट सर्वांत मंद तरंगावरून ठरते. २० हर्ट्झच्या रिकर स्पंदात (स्रोत म्हणून दिला जाणारा छोटा संकेत) सुमारे ५० हर्ट्झपर्यंतची वारंवारिता असते, म्हणजे पाण्यातील सर्वांत लहान तरंगलांबी ३० मीटर होते. दुसऱ्या क्रमाच्या अचूकतेसाठी तिच्यात १० बिंदू धरले, तर चौकट ३ मीटरची हवी. कालखंड (गणनेच्या एका पायरीचा वेळ) मात्र सर्वांत वेगवान तरंगावरून ठरतो: द्विमितीय जाळीत चौकटीला कमाल वेगाने आणि २ च्या वर्गमुळाने भागले की सुमारे ०.७ मिलिसेकंद ही मर्यादा येते, म्हणून ०.६ घ्यावा. तळाशी ६०० मीटर प्रति सेकंद अवतरंग वेगाचा मऊ गाळ आला, तर चौकट १.२ मीटरवर येते आणि गणनेचे काम १५ पटींहून अधिक वाढते. त्यामुळे हा हिशेब कोड लिहिण्यापूर्वीच करावा.

आता सर्वांत नाजूक भाग. कर्तन प्रतिबल चार चौकटी मिळतात त्या कोपऱ्यावर मोजले जाते, त्यामुळे तिथला कर्तन गुणांक चौघींच्या सरासरीने काढावा लागतो. ही सरासरी हरात्मक मध्याचीच (व्यस्तांच्या सरासरीचा व्यस्त) हवी. चारपैकी एक जरी चौकट पाण्याची असेल, तर कोपऱ्याचे मूल्य थेट शून्य करावे (कोडमध्ये शून्याने भागाकार होऊ नये म्हणून ही अट आधी तपासावी). यामुळे सीमारेषेवर कर्तन प्रतिबल आपोआप नाहीसे होते. सीमेला लंब असलेला वेग नेमका त्या रेषेवर बसतो आणि दोन्ही बाजूंना सामाईक राहतो, तर समांतर वेग वर-खाली अर्ध्या चौकटीवर स्वतंत्र असल्याने पाणी खडकावरून मुक्तपणे सरकू शकते. भौतिकशास्त्राला हव्या असलेल्या अटी याच आहेत. घनतेसाठी मात्र शेजारच्या दोन चौकटींचा अंकगणिती मध्य योग्य आहे.

पाण्यातील स्रोत दोन्ही लंब प्रतिबलांत सारखाच मिळवावा, आणि कडांवर तरंग शोषणारा थर ठेवावा.

चाचणी दोन टप्प्यांत करावी. सपाट सीमेवर सरळ पडणाऱ्या सपाट तरंगाच्या दाबाचा परावर्तन गुणांक वरील आकड्यांसाठी ०.६३ यायला हवा. परंतु या चाचणीत कर्तन येतच नाही, त्यामुळे कोपऱ्यांवर चुकून अंकगणिती मध्य घेतला असला तरी ती उत्तम पार पडते. म्हणून स्रोत आणि ग्राहक (तरंग नोंदवणारा बिंदू) दोन्ही सीमेजवळ ठेवून, सीमेलगत धावणारा शोल्टे तरंग नोंदवावा आणि चौकट अर्धी करून त्याची पोहोचण्याची वेळ पुन्हा पाहावी. वेळ ठळकपणे सरकली, तर प्रथम कोपऱ्यांची सरासरी तपासावी.

सीमा तिरकी असेल, तर जाळीवर तिच्या पायऱ्या होतात आणि प्रत्येक पायरीवरून खोटे तरंग विखुरतात. चौकट लहान करूनही ते पुरेसे विरत नसतील, तर सीमेच्या आकारानुसार वळणारी जाळी वापरणारी स्पेक्ट्रल एलिमेंट पद्धत निवडावी. तिथे मात्र द्रव आणि घन यांची सीमेवरची जुळणी स्वतः लिहावी लागते.